गावातला एलईडी फलक आणि परवानगीची कागदपत्रे : या चुका टाळा

ग्रामीण भागात मजकूर बदलणारा इलेक्ट्रॉनिक फलक ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. कृषी सेवा केंद्र, दूध संकलन केंद्र, मंगल कार्यालय, पतसंस्था, शाळा आणि अलीकडे खुद्द ग्रामपंचायतीसुद्धा असा फलक बसवू लागल्या आहेत. त्याचा उपयोगही खरा आहे, कारण दुधाचा दर, खताचा साठा, ग्रामसभेची तारीख किंवा पुराचा इशारा काही मिनिटांत गावाला कळवता येतो. अशा फलकांच्या परवानग्यांची कागदपत्रे तयार करण्याचे काम मी अनेक वर्षे करतो आहे. बहुतेक माणसे माझ्याकडे येतात ती नोटीस हातात पडल्यावर, आणि त्या नोटिशींमागच्या चुका इतक्या सारख्या असतात की अर्जदाराचे बोलणे पूर्ण होण्याआधीच पुढचे वाक्य मला ठाऊक असते.

सर्वात महाग पडणारी चूक म्हणजे ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला की सगळी परवानगी मिळाली, असे समजणे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 मधील कलम 52 बांधकामांवरील नियंत्रणाचे आहे आणि कलम 53 सार्वजनिक रस्ते व मोकळ्या जागांवरील अडथळे आणि अतिक्रमणे यांचे आहे. त्या चौकटीत ग्रामपंचायत आपली हरकत नाही एवढेच सांगू शकते. रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल, तर त्या खात्याच्या वतीने होकार देण्याचा अधिकार तिला नाही. रस्ता कोणाचा, हे डांबराकडे पाहून कळत नाही. सर्वसाधारणपणे राज्यमार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीसाठी 2002 चा स्वतंत्र कायदा आहे, आणि त्या हद्दीत खासगी जाहिरातीसाठी अर्ज करण्यात कोणीही वेळ घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुण्याभोवतीच्या गावांत महानगर प्रदेश विकास प्राधिकरण हे आणखी एक दार असते. रस्त्याचा क्रमांक आणि त्याचा वर्ग लेखी मिळाल्याशिवाय मी अर्जाचा कागदही पुढे ओढत नाही.

ही चूक किती खोलवर जाते, हे मला एका कृषी सेवा केंद्राच्या प्रकरणात समजले. मालक कष्टाळू आणि व्यवहाराला चोख होते. त्यांनी राज्यमार्गालगतच्या शेतकऱ्याकडून फलकापुरती जागा भाड्याने घेतली, नोंदणीकृत करार केला, सातबारा जोडला, मासिक सभेत ठराव करून घेतला आणि ना हरकत दाखलाही मिळवला. दिवाळीत विक्रीचा हंगाम साधायचा म्हणून बारा फूट बाय आठ फुटांचा एलईडी पडदा त्यांनी आधीच मागवून ठेवला होता. फाउंडेशन भरले गेले, लोखंडी खांब उभे राहिले आणि पडदा चढला. पंधरा दिवसांनी बांधकाम खात्याचे शाखा अभियंता टेप घेऊन आले. फलक रस्त्याच्या मध्यापासून बारा मीटरवर होता आणि खात्याची हद्द पंधरा मीटरपर्यंत होती. सात दिवसांत फलक काढून घेण्याची नोटीस निघाली.

मालकांनी सातबारा पुढे केला आणि त्यावर पूर्ण क्षेत्र शेतकऱ्याच्याच नावावर असल्याचे दाखवले. सातबारा खोटा नव्हता. काही वर्षांपूर्वी रुंदीकरणासाठी त्या गटातली पट्टी संपादित झाली होती आणि मोबदलाही दिला गेला होता. परंतु क्षेत्रातला असा बदल अभिलेखात नोंदवणारे कमी-जास्त पत्रक, म्हणजे ज्याला आपण सगळे कजाप म्हणतो ते, झालेच नव्हते. त्यामुळे गेलेले क्षेत्र कागदावर अजून शेतकऱ्याच्या खात्यात होते. शेतकऱ्याने फसवले असेही म्हणता येत नाही, कारण आपली हद्द नेमकी कुठे संपते हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हते. मी या प्रकरणात आलो ते नोटिशीनंतर, आणि तेव्हा माझ्या हातात एवढेच उरले होते की फलक सन्मानाने उतरवून घ्यावा, म्हणजे निदान साहित्य जप्त होणार नाही. तो पडदा एक अख्खा पावसाळा पत्र्याच्या गोदामात पडून राहिला. ओल शिरून त्याचे बरेच मॉड्यूल निकामी झाले. पुढे मोजणी करून नवी जागा ठरली, ती रस्त्यापासून आणखी आत, आणि तिथे जुना पडदा वाचता येईना म्हणून त्यांना मोठ्या अक्षरांचा विचार नव्याने करावा लागला. त्या कुटुंबाचे झालेले नुकसान मला आजही अस्वस्थ करते, कारण मोजणीची फी भरून दोन महिने वाट पाहिली असती तर ते सगळे टळले असते.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे आणि घाईत असलेल्या अर्जदाराला तो आवडत नाही, याची मला कल्पना आहे. आधी सातबारा आणि त्यावरील फेरफार वाचायचे, विशेषतः रुंदीकरण किंवा कालवा यांच्या काळातील फेरफार. मग भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्दीची मोजणी करून घ्यायची. मग बांधकाम उपविभागात जाऊन रस्त्याची हद्द आणि 1955 च्या महामार्ग अधिनियमाखाली ठरलेली इमारत रेषा व नियंत्रण रेषा (रस्त्यालगत बांधकामावर निर्बंध असलेल्या पट्ट्यांच्या सीमा) त्या जागी कुठून जातात, हे नकाशावर दाखवून मागायचे. त्यानंतर ग्रामपंचायतीकडे अर्ज. आणि पडद्याची आगाऊ रक्कम सर्वात शेवटी. विक्रेता म्हणेल की दर वाढणार आहेत, वाढू द्यावेत.

इथे अनेकजण नमुना 8 चा उतारा पुढे करतात. तो कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा पुरावा नाही. तसेच ग्रामपंचायतीने फलकाची फी घेऊन पावती दिली, म्हणजे फलक नियमित झाला, असेही नाही.

ठरावाची भाषा हा दुसरा कच्चा दुवा. "अर्जदारास फलक लावण्यास परवानगी देण्यात यावी, सर्वानुमते मंजूर" एवढ्या एका ओळीवर लाखो रुपयांचे साहित्य उभे राहिलेले मी पाहिले आहे. पुढे सरपंच बदलतात, ग्रामपंचायत अधिकाऱ्याची बदली होते, आणि नव्या माणसाने इतिवृत्त उघडले की त्याला कोणता फलक, कुठे आणि किती दिवस हे काहीच कळत नाही. ठरावात गट क्रमांक, फलकाची लांबी-रुंदी, जमिनीपासूनची उंची, रस्त्याच्या मध्यापासूनचे अंतर, मुदत, आणि फलक इलेक्ट्रॉनिक असून त्यावरील मजकूर बदलता राहील हे शब्द असलेच पाहिजेत. ज्यांनी साध्या फ्लेक्सची परवानगी घेतली आणि नंतर त्याच सांगाड्यावर एलईडी कॅबिनेट, म्हणजे पडद्याच्या जड पेट्या, चढवले, त्यांची परवानगी माझ्या मते त्या दिवशीच संपते, कारण वजन बदलते, वीज येते आणि रात्रीचा उजेड येतो. मी ठरावाचा मसुदा स्वतः टाइप करून अर्जासोबत देतो आणि मंजुरीनंतर सही-शिक्क्याची नक्कल त्याच आठवड्यात घेतो.

वजनाविषयी थोडे थांबून सांगायला हवे. फ्लेक्स वादळात फाटतो आणि फाटल्यावर वारा त्यातून निघून जातो. एलईडीची कॅबिनेटे फाटत नाहीत. साऱ्या वाऱ्याचा दाब खांबावर आणि तिथून फाउंडेशनवर येतो. म्हणून फ्लेक्सचा जुना सांगाडा "मजबूत आहे" हे वेल्डरचे शब्द मला पुरत नाहीत. बांधकामावरील भारांविषयीच्या भारतीय मानकाच्या, म्हणजे आयएस 875 च्या, तिसऱ्या भागात वाऱ्याचा मूळ वेग पुण्यासाठी सेकंदाला 39 मीटर आणि नागपूरसाठी 44 मीटर धरलेला आहे. आपल्या जागेसाठी हे गणित स्थापत्य अभियंत्याने मांडून सही करावी, आणि ते प्रमाणपत्र दरवर्षी नव्याने घ्यावे. बहुतेक लोक ही तपासणी जूनमध्ये करतात. ती मार्चमध्ये करावी. पिंपरी-चिंचवडमधील किवळे येथे सेवा रस्त्यालगतचा फलक कोसळून पाच माणसे गेली, तो दिवस 17 एप्रिल 2023 होता. पावसापासून आडोसा म्हणून ती तिथे उभी होती. घाटकोपरला 17 जणांचा बळी गेला तो 13 मे 2024 रोजी. दोन्ही वेळा मान्सून यायचा होता, वारा वळवाचा होता. घाटकोपरचा फलक 120 फूट बाय 120 फुटांचा होता, मुंबई महापालिकेची कमाल मर्यादा मात्र 40 फूट बाय 40 फुटांची होती. आणि तो लोहमार्ग पोलिसांच्या ताब्यातील जागेवर असल्याने परवानगी नेमकी कोणाची लागते, हाच वाद अपघातानंतर उभा राहिला. गावातला फलक त्या मानाने लहान असतो, पण त्याखाली एसटीची वाट पाहणारी माणसे तितकीच खरी असतात.

उजेडाची चूक मात्र परवानगी मिळाल्यानंतर घडते आणि मिळालेली परवानगी घालवते. बाहेरच्या वापराचा पडदा भर उन्हात वाचता यावा म्हणून 5000 निट्स (निट हे प्रखरतेचे एकक) किंवा त्याहून अधिक प्रखर बनवलेला असतो. शहरात रात्रीही आजूबाजूला उजेड असतो. गावाबाहेरच्या वळणावर काळोख असतो, आणि तोच पडदा पूर्ण प्रखरतेवर ठेवला तर समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला काही क्षण रस्ता दिसत नाही. एका मंगल कार्यालयाने असा फलक बसवला होता. कागदपत्रे निर्दोष होती, ती मीच केली होती. परंतु मालकांच्या पुतण्याने प्रखरता शंभर टक्क्यांवर नेली आणि मजकुराला लुकलुकणारी चौकट दिली, कारण त्याशिवाय लोकांचे लक्ष जात नाही असे त्याचे म्हणणे होते. महिनाभरात ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरचालकांनी आणि मुक्कामी एसटीच्या चालकाने तक्रार केली, मासिक सभेत विषय आला आणि ठराव रद्द झाला. तो पुन्हा मिळवायला आठ महिने लागले.

महानगरपालिकांसाठी जाहिरात फलकांचे 2022 चे स्वतंत्र नियम आहेत. ग्रामपंचायतीचा कारभार त्यांखाली येत नाही, आणि फलकाचा उजेड किती असावा किंवा मजकूर किती वेळाने बदलावा, याचा उल्लेखही बहुतेक गावांच्या ठरावांत नसतो. ठरावात अट नाही म्हणजे मोकळीक आहे, असे समजणाऱ्यांशी माझे कधीच पटत नाही. मी अर्जातच हमीपत्र जोडतो : प्रत्येक मजकूर किमान आठ सेकंद स्थिर राहील, एका मजकुरावरून दुसऱ्यावर जाताना झगमगाट किंवा सरकती चित्रे नसतील, फलकावर उजेड मोजणारा सेन्सर असेल, आणि रात्री दहा ते पहाटे पाच या वेळेत फलक बंद राहील. आठ सेकंदांचा आकडा मी अमेरिकेतून घेतला आहे. तिथल्या संघीय महामार्ग प्रशासनाने 2007 च्या मार्गदर्शनात चार ते दहा सेकंद ही कक्षा देऊन आठ सेकंदांची शिफारस केली होती. सेन्सर बसवला तरी मी फलक सुरू झाल्यावर पहिल्या अमावास्येच्या सुमारास दोन्ही दिशांनी मोटारसायकलवरून जाऊन पाहतो. डोळ्याला त्रास झाला, तर प्रखरता तिथेच कमी करून घेतो आणि कंट्रोलरचा पासवर्ड मालकांकडेच ठेवायला सांगतो.

जागा निवडताना भारतीय रोड काँग्रेसचे रस्त्यालगतच्या जाहिरातींविषयीचे धोरण, आयआरसी 46, जरूर पाहावे. चौक, पूल किंवा रेल्वे फाटकापासून 100 मीटरच्या आत फलक नको, असे ते सांगते, आणि नेमक्या त्याच जागा लोकांना हव्या असतात. लाल-हिरवे बाण, "सावकाश जा" अशा सूचना आणि वाहतूक चिन्हांसारख्या आकृत्या खासगी फलकावर दाखवू नयेत. वाहतुकीचे बदलते फलक हा वेगळा विषय आहे आणि त्यासाठी वेगळी मार्गदर्शिका आहे.

विजेच्या बाबतीत तीन चुका वारंवार दिसतात. पथदिव्याच्या खांबावरून जोडणी घेणे ही सरळ चोरी आहे. दुकानाच्या मीटरवरच फलक चालवताना मंजूर भार न तपासणे ही दुसरी. बाहेरचा पडदा पूर्ण पांढरा असताना चौरस मीटरला साधारण 600 ते 800 वॅट ओढू शकतो. तिसरी चूक जिवावर बेतणारी आहे : फलक उच्चदाब वाहिनीजवळ उभा करणे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा विनियमांनुसार 11 केव्हीच्या वाहिनीपासून इमारतीचे आडवे अंतर किमान 1.2 मीटर आणि उभे अंतर 3.7 मीटर लागते. मी आडवे अंतरही तीन मीटरहून कमी ठेवू देत नाही, कारण दुरुस्तीला चढणाऱ्या मुलाच्या हातात लोखंडी शिडी असते. अर्थिंग आणि गळती प्रवाहावर तुटणारा स्विच यांवर पैसे वाचवू नयेत.

ग्रामपंचायतीने स्वतःचा फलक बसवताना आपल्याला कोणाची परवानगी लागत नाही असे गृहीत धरू नये. रस्त्याची हद्द तिलाही लागू आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली की त्या फलकावरील पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे आणि कामांची जाहिरात त्याच दिवशी उतरवावी.

अर्ज देताना आवक क्रमांक आणि तारखेसह पोच घ्यावी. तोंडी "बघतो" याला फाइलमध्ये जागा नसते. परवानगीची मुदत संपण्याची तारीख, अभियंत्याच्या प्रमाणपत्राची तारीख आणि भाडेकराराची तारीख या तिन्ही मी एका कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला टाचतो आणि त्याची एक प्रत फलकाच्या वीजपेटीच्या दाराला आतून चिकटवतो, म्हणजे पाहणीला येणाऱ्या अधिकाऱ्याला ती जागेवरच वाचता येते.