गोव्यात राहून मराठी मालिका लिहायच्या असतील तर

नोकरी सोडून गोव्यात राहायला आलेली आणि टीव्हीसाठी लिहू पाहणारी चाळिशीतली मराठी माणसं हल्ली वरचेवर भेटतात. मी पुण्याहून इथे आले, याच कामावर घर चालवते, म्हणून सांगते: बिऱ्हाड गोव्यात करा, पण काम मुंबईचंच आहे हे पहिल्या दिवसापासून धरून चाला. 2021 च्या एप्रिलमध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा मालिकांची बरीच युनिटं इथे आली. मे उजाडताच इथल्याही परवानग्या रद्द झाल्या. चॅनेल, निर्माते, कथेवर नजर ठेवणारी त्यांची क्रिएटिव्ह मंडळी, सगळे मुंबईतच. संध्याकाळी मडगावला कोकणकन्या पकडली की सकाळी मुंबई. बैठकीला बोलावलं की जायचंच.

सुरुवात संवादांपासून करा. रोजच्या मालिकेत कथा, पटकथा आणि संवाद बहुतेक वेळा वेगवेगळी माणसं लिहितात. कथेची घडी समोरासमोर बसून पडते. संवादलेखकाला मात्र सीन आखून मिळतात, भागाची साधारण 22 मिनिटं भरायची असतात. हे फोंड्यातल्या खोलीतूनही जमतं. पण गुरुवारी टीआरपी आला की कथेचा ट्रॅक फिरू शकतो आणि लिहिलेलं रातोरात पुन्हा लिहावं लागतं. म्हणून घर बघताना समुद्र किती लांब ते विचारू नका, इन्व्हर्टर आहे का ते विचारा. पावसाळ्यात वीज जाते, आणि तिकडे सेटवर कलाकार सीनची वाट बघत बसलेले असतात.

किनाऱ्यालगत हंगामात भाडी चढतात. मी किनाऱ्यापासून आत असलेल्या फोंड्याच्या बाजूने आहे, आणि त्याचं कारण भाडं नाही. आसपासच्या गावांत जत्रेला हौशी मंडळी मराठी नाटकं करतात. रात्री उशिरापर्यंत मांडवात बसा आणि रंगमंचाइतकंच प्रेक्षकांकडे बघा. कुठल्या वाक्याला पुढच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे वळतात, कुठे कुजबुज सुरू होते, कुठे पोरं उठून चहाला जातात. मालिका बघणारं घर ते हेच. संवाद कुठे लांबला हे मला इतकं स्पष्ट दुसऱ्या कुणी शिकवलं नाही.

निर्मात्यांना दाखवायला नमुना म्हणून दोन-तीन सीन लिहा, तेही तुमच्या जुन्या नोकरीतले. कर्जाचा हप्ता चुकलेल्या माणसाशी बँकेतला अधिकारी कसा बोलतो, हे तिथे वर्षं काढलेल्यालाच ठाऊक असतं.

पैशांचं मात्र कडक सांगते. मानधन भागावर ठरतं, त्यातून 10 टक्के टीडीएस कापला जातो, आणि भाग दाखवल्यानंतर पैसे हाती यायला तीन महिने सहज लागतात. वर्षभराचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नका. कुणालाही संकल्पना पाठवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं, म्हणजे पटकथालेखकांच्या संघटनेचं, सदस्यत्व घ्या आणि ती तिथे नोंदवा. नोंदणी ऑनलाइन होते, त्यासाठी अंधेरीतलं त्यांचं कार्यालय गाठावं लागत नाही. करारात रॉयल्टी सोडून दिल्याचं कलम दिसलं तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने तो हक्क लेखकाकडे राखला आहे, निर्मात्याला तो लिहून घेता येत नाही.