मापो टोफू बिघडतो कुठे? सिच्वान स्वयंपाकातल्या या चुका टाळा

गाडीवरच्या लालभडक 'शेजवान'वर पोसलेल्या जिभेला चीनच्या सिच्वान प्रांतातलं खरं जेवण आधी चकवतं. आपल्या चटणीत लसूण, मिरची आणि व्हिनेगर असतं. जीभ बधिर करणारा सिच्वानचा मसाला, ह्वाज्याव, बहुधा नसतोच. तिथल्या चवीला म्हणतात 'माला': 'मा' म्हणजे बधिरपणा, 'ला' म्हणजे तिखटपणा. पदार्थ फिका वाटला की आपला हात मिरचीकडे जातो, पण कमी पडलेला असतो तो 'मा'.

सिच्वानची राजधानी चेंगडूचा मापो टोफू घ्या: तिखट रश्श्यातला टोफू, म्हणजे सोयाबीनचं पनीर. चेहऱ्यावर देवीचे वण असलेल्या, चेन आडनावाच्या खानावळवाल्या बाईंवरून हे नाव पडलं, असं सांगतात. करायला सोपा, बिघडवायला त्याहून सोपा.

ह्वाज्याव ही मिरी नव्हे, ते आपल्या तिरफळाचं भावंड. बांगड्याच्या आमटीसाठी तिरफळाची बी काढतो, तशी इथेही काढायची. ती काळी चकचकीत बी दाताखाली वाळूसारखी कचकचते. चव सगळी सालीत. साल मंद आचेवर कोरडी भाजा, वास सुटला की लगेच उतरवा. काळी पडली की कडू झालीच म्हणून समजा. ताजी कुटून शेवटी वरून भुरभुरायची. आधीपासून डबा भरून ठेवलेल्या पुडीत दम राहत नाही. ह्वाज्याव नसेल तर तिरफळ चालेल? जीभ झिणझिणते, पण वास वेगळा. मी घालते, निम्म्या मापाने.

दुसरी चूक दोबानज्यांगची. बाकल्याच्या शेंगांचे दाणे आणि मिरच्या मिठात आंबवून केलेली ही पेस्ट, सिच्वानमधल्या पीश्येन भागातली सगळ्यात नावाजलेली. मोठ्या आचेवर टाकली तर क्षणात करपते. ४०० ग्रॅम टोफूला ३ मोठे चमचे तेल घ्या, त्यात २ चमचे पेस्ट मंद आचेवर परता. तेल लाल झालं की आलं-लसूण घाला. तेलात काटकसर केलीत तर तो रंग येणारच नाही. आणि मीठ? पेस्ट खारट, सोया सॉसही खारट. चव घेतल्याशिवाय मिठाला हात लावू नका.

टोफू तळायचा नाही. मऊ टोफूचे तुकडे मीठ घातलेल्या गरम पाण्यात ५ मिनिटं ठेवले की कच्चा वास जातो आणि ते कमी फुटतात. कढईत गेल्यावर ढवळू नका, उलथन्याच्या पाठीने हलकेच पुढे ढकला.

रस्सा सुटा झाला, ताटात पाणी साठलं? बटाट्याचं स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून सगळं एकदम ओतलं असेल. दोन-तीन वेळा थोडंथोडं घाला, दर वेळी उकळी येऊ द्या.

मुळात यात गोमांसाचा खिमा असतो. तो नको असेल तर शिटाके मशरूम बारीक चिरून कुरकुरीत परता. ओलसर राहिले तर मजा नाही.

आणखी एक सिच्वान पदार्थ ह्वेग्वोरोव, म्हणजे दोनदा शिजवलेलं डुकराचं मांस. उकडलेला तुकडा गार झाल्यावरच कापा, गरम असताना काप तुटतात.

गाँगबाव (कुंग पाव) चिकनमधल्या सुक्या मिरच्या गडद तपकिरी होईपर्यंतच परता, काळ्या नकोत. त्या खायच्या नसतात, वासासाठी असतात. ताटात राहिल्या तर कुणी नावं ठेवत नाही.