हॉटेलातली चव घरी आणायची तर

पहिला चमचा नुसता खायचा. नियम माझाच आणि तो सगळ्यात जास्त वेळा मोडणाराही मीच. पदार्थ समोर आला की डोकं लगेच हिशेब मांडायला बसतं, कांदा आहे, लोणी आहे, मिरपूड आहे, आणि तेवढ्यात पहिल्या घासाची गंमत निघून जाते. मी पेशाने हिशेबनीस, त्यामुळे ही खोड जरा जास्तच. "अहो, जेवायला आलोय आपण, तपासणीला नाही," हे बायकोचं वाक्य प्रत्येक हॉटेलात एकदा तरी ऐकावं लागतं.

पण बाहेर खाल्लेलं घरी करून बघायचं तर तपासणी चुकत नाही. फक्त ती दुसऱ्या चमच्यापासून सुरू करायची. मी हे शिकलो एका मशरूमच्या सुपावर. तीनदा फसलो, चौथ्यांदा जमलं. तेच सूप धरून सांगतो.

दुसरा चमचा नाक चिमटीत धरून खायचा. चारचौघांत लाज वाटते, म्हणून मी रुमाल नाकाशी नेतो, सर्दी झाल्यासारखा. नाक बंद असताना तोंडात जे उरतं तेवढंच जिभेचं: खारट, गोड, आंबट, कडू आणि ती भरीव, तोंडात रेंगाळणारी पाचवी चव. मग घास तोंडात असतानाच नाक सोडायचं. घशाच्या मागून वास वर चढतो आणि एकदम 'मशरूम' येतं, 'लोणी' येतं, 'भाजलेलं' येतं. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा वाटा असा नाकाचा असतो. वहीत दोन रकाने करायचे, जीभ आणि नाक. त्या दिवशी मी जिभेखाली लिहिलं होतं: 'खारट, भरीव, किंचित आंबट?' नाकाखाली: 'भाजका, लोणी, पावसानंतरची माती.' ते प्रश्नचिन्ह पुढे मला तीन आठवडे नडलं.

तिसरा चमचा पोतासाठी. चमचा कलता करून सूप कसं पडतं ते बघायचं, पाण्यासारखं, सरसरीत की पळीवाढं. चमच्याच्या पाठीवर थर राहतो का, त्यात बोटाने रेघ ओढली तर टिकते का? आणि शेवटचे दोन घास मुद्दाम गार होऊ द्यायचे. गार झाल्यावर पदार्थ बऱ्याच गोष्टी कबूल करतो. मीठ किती आहे ते कळतं, तूप-लोणी असेल तर वर तवंग दिसतो, पीठ किंवा स्टार्च असेल तर तो आळतो. माझं सूप गार झाल्यावर चांगलंच आळलं आणि तवंग जवळपास नव्हता. हे मी वहीत लिहिलंसुद्धा. अर्थ मात्र लावला नाही. डोक्यात 'मशरूमचं सूप म्हणजे क्रीम' हे इतकं घट्ट बसलं होतं की डोळ्यासमोरचा पुरावा वाया गेला.

फोटो काढण्याचा मला काही उपयोग झालेला नाही. फोटोत रंग आणि वरची कोथिंबीर येते, बाकी काही नाही. लिहायचं ते त्याच रात्री. सकाळपर्यंत चव आठवत नाही, आपण चवीबद्दल जे बोललो तेवढंच आठवतं.

घरी पहिला प्रयत्न. ४०० ग्रॅम मशरूम चिरले, एका मध्यम कढईत लोण्यावर एकदम टाकले. दोन मिनिटांत तळाला पाणीच पाणी. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं, ते सगळं बाहेर आलं आणि मशरूम त्यात शिजत बसले. पाच मिनिटांनी माझा धीर सुटला. क्रीम ओतलं, वाटलं, उकळलं. रंग भिजलेल्या पुठ्ठ्याचा. धाकटी म्हणाली, "बाबा, हे आजारी माणसाचं आहे का?"

चूक साधी होती. खरपूसपणा येतो तो अमिनो आम्लं आणि साखर यांच्यातल्या एका प्रक्रियेमुळे. लुई-कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये ती मांडली. स्वयंपाकात ती जोमाने चालायला पदार्थाचा पृष्ठभाग साधारण १४० अंश सेल्सिअसच्या आसपास तापावा लागतो. कढईत पाणी आहे तोवर मशरूम शंभराच्या फारसे वर जात नाहीत. म्हणजे पाणी आटेपर्यंत जे चाललंय ते उकडणं, भाजणं नव्हे. मोठ्या आचेवर, रुंद बुडाच्या भांड्यात, दोन घाण्यांत करावं. पण खरं सांगायचं तर मशरूमच्या बाबतीत गर्दीसुद्धा माफ आहे, फक्त थांबायची तयारी हवी. त्यांच्या पेशींच्या भिंतींत कायटिन नावाचं चिवट द्रव्य असतं, ते आचेला दाद देत नाही, त्यामुळे मशरूम कितीही वेळ परतले तरी भाजीसारखे गाळ होत नाहीत. पाणी आटू द्यायचं. भांड्याचा आवाज बदलतो: आधी बुडबुड, मग शांत, मग चरचर. चरचर सुरू झाली की खरं काम सुरू. त्यानंतर आणखी सहा-सात मिनिटं, सारखं न ढवळता. तळाला तपकिरी थर धरतो, तो खरवडून टाकायचा नाही. अर्धी वाटी पाणी घालून उलथन्याने सोडवायचा. निम्मी चव तिथेच असते. काळा पडला असेल तर मात्र सरळ टाकून द्या, करपट चव कशानेही जात नाही.

दुसऱ्या प्रयत्नात मशरूम छान खरपूस झाले, वास घरभर. क्रीम घातलं आणि सगळं पुन्हा झाकलं गेलं. सूप वाईट नव्हतं, बायकोने दोनदा घेतलं. पण ते ते नव्हतं.

मग मी परत हॉटेलात गेलो. इथे वाढप्याला विचारायची एक युक्ती सांगतो. 'रेसिपी काय?' असं विचारलं की माणूस अवघडतो, हसतो आणि 'आमची स्पेशल आहे' म्हणतो. त्याऐवजी एक नेमका आणि शक्यतो चुकीचा अंदाज ठेवायचा. चूक दुरुस्त करायला माणसाला मनापासून आवडतं. मी म्हटलं, "दादा, ह्यात क्रीम जरा जास्त असतं ना?"

"क्रीम नाहीच साहेब. तांदूळ वाटून घालतात."

वहीतला आळलेला, बिनतवंगाचा घास तेव्हा समजला.

(एखादा पदार्थ खरंच बाधत असेल तर हे आडवळण नको. तिथे सरळ सांगायचं आणि सरळ विचारायचं.)

एक शिस्त मात्र पाळावी. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन नोंदी एकदम बदलल्या आणि ताळा जुळला, तर कुठल्या नोंदीने जुळला ते कळत नाही. तिसऱ्या वेळी मी हीच शिस्त मोडली: क्रीमऐवजी तांदूळ तर घेतलाच, शिवाय भरीवपणासाठी वाळवलेले शिताके मशरूमही आणले. ती पाचवी चव १९०८ मध्ये किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या पाण्यातून ग्लुटामेटच्या रूपात वेगळी काढली आणि तिला उमामी हे नाव दिलं. ग्लुटामेट टोमॅटोत आहे, मुरलेल्या चीजमध्ये आहे, सोया सॉसमध्ये आहे. वाळवलेल्या शिताकेमध्ये ग्वानिलेट नावाचं उमामीचंच दुसरं द्रव्य असतं. ही दोन एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा बरीच जास्त लागते. म्हणून मूठभर सुके मशरूम अख्ख्या पातेल्याला पुरतात.

ते भिजवलेलं पाणी म्हणजे अमृत, असं म्हणत मी सगळं पाणी सुपात ओतलं. तळाला बसलेली बारीक वाळूसुद्धा. त्या रात्री आम्ही तिघांनी कचकच चावत सूप प्यायलं. पाणी अलगद वरच्या वर ओतून घ्यावं, शेवटचे दोन चमचे तळातच सोडावे किंवा सरळ फडक्यातून गाळावं.

वाळू सोडली तर चव जवळ आली होती. पण सपाट. चार घासांनंतर कंटाळा यावा अशी. अशा वेळी आपला हात आपोआप मिठाकडे जातो आणि पदार्थ खारट होतो. तसं न करता चार छोट्या वाट्या घ्याव्या. प्रत्येकीत तीन-तीन चमचे सूप. पहिलीत चिमूटभर मीठ, दुसरीत दोन थेंब लिंबू किंवा व्हिनेगर, तिसरीत चार दाणे साखर, चौथीत वाटाण्याएवढं लोणी. एकेक चाखायची, मध्ये पाण्याचा घोट. बघायचं हे की कुठल्या वाटीत मशरूम जास्त मशरूमसारखा लागतो. जी वस्तू घातली तिची चव वेगळी कळायला लागली तर ती जास्त झाली. हे मी पातेल्यातल्या पदार्थावर कधीच करत नाही. वाटीत चुकलं तर तीन चमचे गेले, पातेल्यात चुकलं तर जेवण गेलं.

दुसरी वाटी तोंडाला लावली आणि मी उठून वही आणली. 'किंचित आंबट?' तिथेच लिहिलेलं होतं.

तर चौथ्या वेळी जमलं ते असं. १५ ग्रॅम सुके शिताके दोन वाट्या गरम पाण्यात अर्धा तास भिजवून पाणी गाळून घ्यायचं. ४०० ग्रॅम ताजे मशरूम ३० ग्रॅम लोण्यात वर सांगितल्याप्रमाणे चरचर होईपर्यंत आणि पुढे तपकिरी होईपर्यंत परतायचे. मूठभर बाजूला काढून ठेवायचे. त्याच भांड्यात एक बारीक चिरलेला कांदा, दोन लसूणपाकळ्या, मग तीन मोठे चमचे धुतलेला तांदूळ, भिजलेले मशरूम चिरून (शिताकेचे देठ चिवट असतात, ते काढून), भिजवलेलं पाणी आणि साधं पाणी मिळून एक लिटर. झाकण ठेवून मंद आचेवर पंचवीस मिनिटं, तांदूळ बोटांत चिरडेपर्यंत. मीठ ७-८ ग्रॅमने सुरुवात करा, म्हणजे सपाट दीड चमचा, बाकीचं शेवटी. मग वाटायचं. गरम सूप मिक्सरमध्ये वाटताना भांडं अर्ध्याहून जास्त भरू नका आणि झाकणाला वाफ जायला जागा ठेवून वर जाड फडकं धरा, नाहीतर सूप छतावर मिळेल. व्हिनेगर अगदी शेवटी, गॅस बंद करून, अर्ध्या चमच्यापासून. वर बाजूला ठेवलेले मशरूम. वाडगे गरम पाण्याने धुऊन घ्या. जाड, थंड वाडग्यात सूप टेबलावर येईपर्यंत कोमट होतं. आम्हाला हॉटेलातलं जास्त 'ताजं' वाटायचं त्यातलं थोडं श्रेय नुसत्या गरम वाडग्याचं होतं.

सगळंच घरी आणायला जाऊ नये, हेही सांगतो. मोठ्या आचेवर परतलेल्या नूडल्सचा तो धुरकट वास घरच्या शेगडीवर पुरता येत नाही, हॉटेलातल्या बर्नरची ताकद घरच्यापेक्षा कितीतरी जास्त असते. जवळ जायचं असेल तर एका वेळी एकाच माणसापुरतं परता, कढई धूर सुटण्याच्या बेतात येऊ द्या. चौघांचं एकदम घातलंत की पुन्हा माझं पहिलं सूप. परतलेल्या भातासाठी आदल्या दिवशीचा, फ्रीजमधला मोकळा भात हवा. मात्र शिजवलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवून 'शिळा' करू नका. बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. ताटात पसरून लवकर निववा आणि सरळ फ्रीजमध्ये.

बटाट्याचे फ्राईज घरी होतात, पण दोनदा तळायचे: आधी १५० अंशांच्या आसपास, मऊ होईपर्यंत, रंग न येऊ देता. गार करायचे. मग १८० ते १९० वर कुरकुरीत. थर्मामीटर घ्या, तो महाग नसतो. तरीही खरं सांगू? इतकं तेल, इतका पसारा आणि ओट्यावरचे ते ओशट डाग बघता मी फ्राईज बाहेरच खातो.

सध्या वहीत नवीन पान उघडलंय. भाजलेल्या वांग्याचं मऊसूत वाटण, वर तेल सोडलेलं. नाक: धूर, तीळ, लसूण पण कच्ची नाही. जीभ: खारट, शेवटी जरा कडवट, आणि आंबट. ह्या वेळी आंबटपुढे प्रश्नचिन्ह नाही, फक्त तो आंबटपणा लिंबाचा नाही एवढं कळलंय. पोत: काट्याने मोडलेला, मिक्सरचा नाही. शनिवारी परत जाऊन वाढप्याला विचारणार आहे, "दादा, ह्यात चिंच असते ना?"

चिंच नसणार, हे मला माहीत आहे.