अंथरुणाला खिळलेल्या माणसाची घरी शुश्रूषा : काळजी घेणाराच खचू नये म्हणून या चुका टाळा

पक्षाघाताच्या रुग्णाला घरी सोडताना नातेवाइकांच्या हाती औषधांची यादी, व्यायामाचा तक्ता आणि पुढच्या तपासणीची तारीख दिली जाते. पण हे सगळे नेमके कोण करणार आणि ते करणारा माणूस झोपणार कधी, हा प्रश्न त्या कागदावर बहुधा नसतो. घरात त्याचे उत्तरही कोणी मोठ्याने देत नाही. पत्नी, सून किंवा अविवाहित मुलगी कामाला लागते आणि आठवड्याभरात ते काम तिचेच होऊन बसते.

लक्षणे ओळखण्यात होणारी गफलत

थकवा आला की तो अंगदुखीचा आणि जागरणाचा आहे असे समजून दिवस ढकलले जातात. साध्या दमणुकीत एक रात्र नीट झोप लागली की माणूस सावरतो. खचलेल्या माणसाला झोपायची संधी मिळूनही झोप लागत नाही, आणि पलंगावरून हाक आली की उठण्याआधीच पोटात गोळा येतो. याहून फसवे लक्षण म्हणजे कोरडेपणा. भरवणे, पुसणे, कूस बदलणे सगळे वेळेवर होत असते, पण दिवसभरात रुग्णाशी कामापलीकडचा एकही शब्द बोलला जात नाही. बाहेरच्यांना मात्र हेच चोख सेवेचे उदाहरण वाटते.

‘हे कधी संपणार’ असा विचार मनात येतो आणि पाठोपाठ अपराधी वाटते. असा विचार येणे ही क्रूरता नाही. अमेरिकी संशोधक स्टीव्हन झारिट यांनी १९८० मध्ये सहकाऱ्यांसह काळजीवाहकांवरील ताण मोजण्याची जी प्रश्नावली मांडली, तिच्या आज प्रचलित असलेल्या २२ प्रश्नांच्या आवृत्तीत रुग्णाजवळ असताना राग येतो का आणि आपण त्याच्यासाठी आणखी काही करायला हवे असे वाटते का, हे दोन्ही प्रश्न आहेत. राग आणि अपराधीपणा एकाच मनात असू शकतात, हे त्यात गृहीतच धरलेले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने मात्र आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ म्हणजे ताणाने पार खचून जाण्याची अवस्था नोकरी-व्यवसायापुरतीच मर्यादित ठेवली आहे. आणि नोकरीला तर निदान रविवार असतो.

पहिल्या तीन महिन्यांचा वेग कायमचा समजणे

पक्षाघातानंतरची बरीचशी सुधारणा सुरुवातीच्या काही महिन्यांत दिसते, त्यामुळे घरचे सर्व शक्ती पणाला लावतात आणि ते योग्यही आहे. मात्र सुधारणेचा वेग मंदावल्यावरही शुश्रूषेची मांडणी तीच राहिली, तर मोडतो तो काळजी घेणारा. तीन महिन्यांच्या आसपास सर्वांनी एकत्र बसून, हे काम आणखी काही वर्षे चालू शकते असे धरून ते नव्याने वाटून घ्यावे.

‘काही लागले तर सांग’ या वाक्यावर विसंबणे

माझ्या मते सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. असे म्हणणारा माणूस खोटे बोलत नसतो, पण काय लागणार आहे हे आधी ओळखणे, ते मागणे आणि मागताना होणारा संकोच गिळणे ही तिन्ही कामे दमलेल्या व्यक्तीकडेच राहतात. त्यामुळे मदत न मागता जबाबदारी नेमून घ्यावी. परदेशात राहणाऱ्या भावाने औषधे मागवणे, विम्याची कागदपत्रे आणि डॉक्टरांच्या वेळा हे सगळे स्वतःकडे घ्यावे, ते त्याला दुरूनही जमते. आणि रजेवर घरी आल्यावर पाहुण्यासारखे न राहता ते पंधरा दिवस रुग्णाची खोली ताब्यात घ्यावी. जवळच्या भावंडाने आठवड्यातला एक ठरावीक अर्धा दिवस एकट्याने सांभाळावा. समाचाराला येणाऱ्यांना त्याच घरातून चहा-पोहे मिळायलाच हवेत, असेही नाही.

जबाबदारी सोपवल्यावर ती खरोखर सोडणे हे आणखी कठीण असते. आधी दोन-तीन वेळा सोबत राहून दाखवावे आणि औषधांच्या वेळा, नळीतून दिलेल्या आहाराचे प्रमाण, शौचाची नोंद व त्वचेवर दिसलेली लाली एका वहीत लिहीत जावे. गिळण्याचा त्रास असेल तर अन्न किती घट्ट असावे, नळीतून आहार देताना आणि त्यानंतर काही वेळ डोके उंच ठेवणे, इन्सुलिन आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळीची मात्रा, या बाबतींत तडजोड नाही. सदरा कोणता घातला आणि अंग पुसणे आधी झाले की नाश्ता, याने काहीही बिघडत नाही. बाहेर पडून दर पंधरा मिनिटांनी फोन केल्यास ती विश्रांती ठरत नाही.

पैसे दिवसाच्या मदतीवर घालवणे

दिवसरात्रीची बाई परवडत नसेल तर बहुतेक कुटुंबे ब्यूरोकडून दिवसपाळीची घेतात. वास्तविक माणूस खचतो तो तुटलेल्या झोपेने. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्याने त्वचेवर होणाऱ्या जखमा, टाळण्यासाठी साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, आणि हवेच्या गादीने धोका कमी झाला तरी कूस बदलणे टळत नाही. रात्री हे अंतर वाढवता येईल का, हे त्वचा तपासून डॉक्टरांनीच ठरवावे. आठवड्यातून दोन-तीन रात्रींपुरती बाई मिळाली तरी फरक पडतो. घरात दोघे असतील तर दोघांनीही रोज अर्धवट जागण्याऐवजी एकेक रात्र वाटून घ्यावी, आणि ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत झोपावे. चोवीस तासांसाठी ठेवलेल्या बाईलाही झोप लागतेच, हे विसरू नये.

स्वतःची तपासणी पुढे ढकलणे

काळजीवाहकाची रक्तदाबाची गोळी आणि साखरेची तपासणी रुग्णाच्याच वहीत लिहावी. कमरेसाठी, रुग्णाला काखेत धरून ओढू नये. त्याच्याखाली आडवी चादर घालून दोघांनी सरकवावे. उदासपणा दोन आठवडे टिकला, भूक-झोप उडाली किंवा जगणे नको वाटू लागले, तर डॉक्टरांना भेटावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क असून त्यावर मराठीतूनही बोलता येते. रुग्णावर हात उगारला गेला, तर पलंगाचे कठडे लावून तत्काळ खोलीबाहेर पडावे आणि त्याच दिवशी घरातल्या दुसऱ्या व्यक्तीला ते सांगून पाळी बदलून घ्यावी.

अशी वेळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा, काही दिवसांपुरते रुग्ण ठेवून घेणारे जवळपासचे शुश्रूषा केंद्र आधीच पाहून ठेवावे. नळी असलेला रुग्ण घेतात का, रात्री परिचारिका असते का आणि नातेवाइकांना कधीही भेटू देतात का, हे विचारावे. पहिल्या खेपेला दोनच रात्री ठेवावे आणि परत कधी नेणार ते रुग्णाला निघण्यापूर्वीच सांगावे; बोलता येत नसले तरी त्याला बहुतेक वेळा बरेच समजत असते.