तक्रार नको, एमबी मागा

आमच्या वाडीसमोरच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याला दुसराच पावसाळा झेपला नाही. श्रावणातल्या उधाणात मधले दगड वाळूत बसले आणि टोकाच्या तीन घरांच्या पडवीत पाणी आलं. काम चालू होतं तेव्हा तिथे एक फलक होता, त्यावर लिहिलं होतं: लांबी ३०० मीटर. पुढे फलक गायब झाला, पण माझ्याकडे त्याचा फोटो होता. मच्छीमार सोसायटीत एकवीस वर्षं डिझेल परताव्याचे कागद लिहितेय, त्यामुळे कुठे काही लिहिलेलं दिसलं की त्याचा फोटो काढायची खोड लागलीय. पोरांनी जाळ्याच्या दोरीने बंधारा मोजला, तो एकशे सोळा वाव भरला. म्हणजे २१२ मीटर.

मग आम्ही सगळे करतात तेच केलं. चौऱ्याण्णव सह्यांचं निवेदन दिलं. साहेबांनी ते उभं राहून घेतलं, चहा पाजला. सात महिन्यांनी एक ओळ आली: "उचित कार्यवाही करण्यात येत आहे."

त्यानंतर एक माणूस मला एवढंच म्हणाला, "काकी, तक्रार नको. एमबी मागा." तो कोण, कुठल्या टेबलावरचा, हे मी सांगणार नाही. खाली त्याच्याविषयी जे काही येईल तेही मुद्दाम थोडं फिरवून लिहिलंय.

एमबी म्हणजे मेजरमेंट बुक, मोजमाप पुस्तिका. झालेल्या कामाची लांबी, रुंदी, उंची अभियंता त्यात लिहितो, त्यावरून बिल बनतं आणि बिलावरून पैसे निघतात. तक्रारीला काय उत्तर द्यायचं ते साहेब ठरवतो, पण एमबीत तो आधीच लिहून बसलेला असतो. चिपळूण तालुक्यातल्या तिवरे धरणाला गळती आहे हे गावकऱ्यांनी आधीच कळवलं होतं. २ जुलै २०१९ च्या रात्री ते फुटलं, घरं माणसांसकट वाहून गेली, आणि नंतर मंत्र्यांनी खेकड्यांवर खापर फोडलं. आता मी कुठल्याही वाडीला सांगते की तक्रार अवश्य करा, पण त्याच दिवशी दुसऱ्या कागदावर शेवटच्या तपासणीचा अहवालही मागा.

अर्ज

एमबी मागायची ती माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली. महाराष्ट्रात अर्ज "जोडपत्र अ" या नमुन्यात करायचा. तो साध्या कागदावर हाताने लिहिला तरी चालतो. वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फी नाही, दाखल्याची प्रत जोडली की झालं. आपल्या राज्याच्या नियमात दोन अटी आहेत: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माझा पहिला अर्ज पावणेचारशे शब्दांचा होता. त्यात उधाणाचं वर्णनसुद्धा होतं. तो परत आला, आणि बरं झालं.

सोसायटीच्या किंवा मंडळाच्या लेटरहेडवर अर्ज करू नका. कायदा हा अधिकार नागरिकाला देतो आणि संस्थेचं नाव दिसलं की फेटाळायला आयतं कारण मिळतं. स्वतःच्या नावाने करा. माहिती कशाला हवी हे सांगायची गरज नाही, कलम ६(२) तसंच सांगतं. खिडकीवर विचारलंच तर हसून "वाचायला" म्हणावं.

"बंधारा का खचला?" "जबाबदार कोण?" असले प्रश्न लिहू नका. दफ्तरात जे नोंदलेलं आहे तेवढंच मागता येतं. अधिकाऱ्याने तुमच्यासाठी नवं मत तयार करून द्यावं, असं नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये हेच सांगितलंय. तेव्हा प्रत्येक "का" मागे कुठला कागद असेल ते शोधायचं. आमचा दुसरा अर्ज साधारण असा होता:

"अमुक वाडी येथील धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या कामाबाबत पुढील कागदपत्रांच्या साक्षांकित प्रती मिळाव्यात: प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची सर्व संबंधित पाने, सर्व चालू व अंतिम देयके, जोडपत्रांसह, दगडाच्या चाचणीचे अहवाल, त्रयस्थ तांत्रिक तपासणीचा अहवाल, दोषदायित्व कालावधीबाबतचा पत्रव्यवहार. प्रती देण्यापूर्वी मूळ संचिकेचे अवलोकन करू द्यावे."

खरं तर आम्हाला एकच गोष्ट हवी होती. मग आठ का मागितल्या, ते पुढे येईल.

अर्ज हातोहात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घ्या. शिपाई "ठेवून जा" म्हणाला तर ठेवून यायचं नाही. पोच नसलेला अर्ज म्हणजे समुद्रात टाकलेली चिठ्ठी. पोच देत नसतील तर तिथून उठून पोस्टात जा आणि स्पीड पोस्ट करा. चुकीच्या खात्यात अर्ज गेला तरी घाबरू नका, पाच दिवसांत त्यांनीच तो योग्य खात्याकडे पाठवायचा असतो.

तीस दिवस मोजा. मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लाल पेनाने गोल करते, संकष्टीच्या शेजारी.

फाईल बघायला जाल तेव्हा

प्रती दोन रुपये पानाने मिळतात, पण अवलोकन त्याहून मोलाचं. पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना पाच रुपये. दोघींनी जा. एकीने पानं उलटायची, दुसरीने वहीत पान क्रमांक लिहायचे. फाईल हातात आली की आधी वाचायला बसू नका, पानं मोजा. एकूण किती, कुठला आकडा मध्येच गळलाय, कुठे क्रमांक खोडून पुन्हा घातलेत, ते टिपा. मग डाव्या बाजूची टिपणी, म्हणजे अधिकाऱ्यांनी आपसात लिहिलेले शेरे, वाचा. बाहेर येणाऱ्या पत्रात "उचित कार्यवाही" असतं, टिपणीत "लांबीबाबत खुलासा घ्यावा" असतं. मोबाइलने फोटो काढायला हरकत घेतली तर भांडत बसू नका, वेळ त्यातच जातो. त्या पानांचे क्रमांक लिहा आणि प्रती मागा. याच कायद्यात कामाच्या साहित्याचे प्रमाणित नमुने घ्यायचाही हक्क आहे. आमच्या पोरांना बंधाऱ्याचा अख्खा दगड नमुना म्हणून न्यायचा होता, त्यांना आवरलं.

एमबीत आम्हाला दिसलं: साखळी, म्हणजे सुरुवातीपासूनचं अंतर, ० ते ३०० मीटर. खाली सही, तिच्याखाली तपासणाऱ्याची सही. बंधारा २१२ ला संपतो हे वाडीतलं शेंबडं पोरही दाखवेल, पण आता फरक त्यांच्याच अक्षरात होता.

एका कागदावर विसंबून राहू नका, दुसऱ्या दारातून त्याचा जोडीदार शोधा. दगड आला तो ट्रकने. ट्रकला गौण खनिजाचा वाहतूक पास लागतो आणि स्वामित्वधन, म्हणजे रॉयल्टी, महसूल खात्याकडे भरलेलं असतं. म्हणून वेगळा अर्ज महसूलकडे केला. एमबीत २,७०० घनमीटर दगड होता. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, म्हणजे साधारण ९५४ ब्रास. पास निघाले ६४० ब्रासचे. यावरून चोरी सिद्ध होत नाही. काही पास गहाळ असतील, काही दगड दुसऱ्या खाणीचा असेल. पण त्यानंतर अपिलाच्या सुनावणीत आमच्याशी कोणी चढ्या आवाजात बोललं नाही.

नकार

नकाराचे ठरावीक नमुने आहेत. "संचिका आढळून येत नाही": त्यावर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याचं नाव घ्या आणि अभिलेख हरवल्याबद्दल काय कारवाई केली त्याची प्रत मागा. त्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. आमची हरवलेली फाईल या एका वाक्याने चार दिवसांत कपाटामागे सापडली. "ठेकेदाराची व्यापारी गोपनीयता": काम होऊन सरकारी पैसे गेले की त्या बिलात गुपित कसलं? "वैयक्तिक माहिती": हे आता जास्त ऐकू येईल, कारण २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्यातलं ८(१)(जे) हे वैयक्तिक माहितीचं कलम अधिक बंद केलंय. तरी ८(२) शिल्लक आहे. गुपित राखण्यापेक्षा उघड करण्यात जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि ज्या पानावर नावं अडचणीची आहेत तेवढी झाकून बाकीचं कलम १० खाली मागता येतं.

किनाऱ्यावर एक खास नकार मिळतो, "सागरी सुरक्षा". जेटी, लँडिंग पॉइंट, बंधारा, काहीही विचारा. गस्तीचं वेळापत्रक मागितलं तर ते नाकारावंच, मुंबईवर हल्ला करायला आलेले समुद्रातूनच आले होते. पण सिमेंटच्या बिलाने कुठली सीमा उघडी पडते? शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा, इंग्रजांच्या वेळचा. त्याच्याशी विसंगत असलं तरी माहिती अधिकार कायदाच वरचढ, हे कलम २२ मध्ये स्पष्ट आहे. कलमाचा आकडा लिहूनच अपील करा.

पहिलं अपील त्याच खात्यातल्या वरिष्ठाकडे, तीस दिवसांत, वीस रुपयांच्या स्टॅम्पवर. उत्तर आलंच नाही तरी तो नकारच धरायचा. उशीर झाला तर माहिती फुकट द्यावी लागते, हेही अपिलात मागा. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईला. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० दंड होऊ शकतो. "होऊ शकतो" एवढंच म्हणते. टिपणीच्या काही पानांसाठी आमचं दुसरं अपील पावणेदोन वर्षं पडून होतं आणि शेवटी दंडाऐवजी ताकीद झाली. पानं मात्र मिळाली.

आतला माणूस

आता आठ कागद का मागितले ते. फक्त "एमबी क्रमांक अमुक, पान चौदा" असा अर्ज केला असता तर तासाभरात ऑफिसात विचारलं गेलं असतं, हिला पान चौदा कोणी सांगितलं? पूर्ण संच मागितला की पान चौदा त्यात आपोआप येतं आणि कोणाकडे बोट जात नाही. आतल्या माणसाने खूण दिली तरी अर्जात ती खूण दिसता कामा नये. फलकाचा फोटो, दोरीचं माप, असं उघड्यावरचं निमित्त पुढे करा, ते खरंच असतं.

त्याच्याकडून कागद घेऊ नका. तो देत असला तरी घेऊ नका. त्याला वर्तणूक नियम लागू आहेत, नोकरी जाईल, आणि अर्जाने मिळालेली साक्षांकित प्रत झेरॉक्सपेक्षा कुठेही जास्त टिकते. व्हॉट्सॲपवर बोलू नका. गावच्या ग्रुपवर "ऑफिसातल्याच माणसाने सांगितलं" अशी फुशारकी मारणाऱ्याला ग्रुपमधून काढा, मग तो तुमचा दीर असला तरी.

हे मी घाबरट म्हणून लिहीत नाही. सत्येंद्र दुबे हे महामार्ग प्राधिकरणातले अभियंते. त्यांनी महामार्गाच्या कामातला भ्रष्टाचार पंतप्रधान कार्यालयाला कळवला, आपलं नाव गुप्त ठेवा असंही लिहिलं. ते पत्र टेबलांवरून फिरलं आणि नोव्हेंबर २००३ मध्ये गयेत त्यांना गोळी घातली. त्यानंतर जागल्यांच्या, म्हणजे आतून गैरप्रकार कळवणाऱ्यांच्या, संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये राष्ट्रपतींच्या सहीपर्यंत गेला, पण लागू झालाच नाही. म्हणजे आतल्या माणसाच्या अंगावर आजही फक्त सदरा आहे. बाहेरच्याला, मागणं हा निदान हक्क म्हणून लिहून दिलाय. म्हणून मागायचं ते आपण, त्याने नाही.

बाहेरच्यालाही धोका आहेच. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापुरात पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीने चिरडलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. म्हणून एकट्याने करू नका. आमच्याकडे एकाच कामाचे पाच अर्ज पाच घरांतून गेले, त्यांतले तीन बायकांचे. आलेला कागद त्याच संध्याकाळी पाचही घरांत जातो, म्हणजे एकाला गाठून कोणाचाच फायदा नाही. कोणी लाच मागत असेल तर ते काम माहिती अधिकाराचं नव्हे, त्याला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, १०६४.

एवढं करून काय मिळालं? मे महिन्यात ठेकेदाराची पोकलेन आली आणि चाळीस मीटर नवा दगड पडला. उरलेल्याची "वसुली प्रस्तावित" आहे, आणि त्या प्रस्तावाची प्रत मागणारा अर्ज गेल्या मंगळवारी टाकलाय.

कागद सांभाळायचं एक. आमच्याकडे जूनपासून सगळ्याला बुरशी धरते आणि खाऱ्या वाऱ्याने स्टेपलच्या पिना गंजून पानावर डाग पडतात. पिना काढून दोऱ्याने टाके घाला. एक संच पत्र्याच्या पेटीत, एक मुंबईच्या भावाकडे. प्रत्येक पानाचा फोटो हवाच.

एमबी हा शब्द ज्याने दिला त्याच्याशी मी त्या विषयावर पुन्हा एकदाही बोलले नाही. बाजारात समोर आला की तो बांगड्याचा भाव विचारतो, मी सांगते, तो महाग म्हणतो.