विसर्जनाला बॅटरीवर एलईडी स्ट्रिप लावताय? आधी पीडब्ल्यूएम करा

विसर्जनाला टेम्पोत मूर्तीच्या मागे एलईडी स्ट्रिप लावायची असेल तर ती फुल ब्राइटनेसवर ठेवू नका. मीटरला 60 एलईडीवाली 5050 ची (5 बाय 5 मिलिमीटर एलईडीची) 12 व्होल्ट स्ट्रिप मीटरला साधारण 1.2 अँपिअर खाते, म्हणजे दोन मीटरला 2.4, आणि 7 एएचची (अँपिअर-तासाची) बॅटरी कागदावरसुद्धा तीन तास गाठत नाही, प्रत्यक्षात तर त्याच्याही आधी बसते कारण जास्त करंट ओढला की लेड ॲसिड बॅटरी कमीच देते. गिरगाव चौपाटीला नंबर लागायलाच त्याहून जास्त वेळ जातो हो!

यावर उपाय पीडब्ल्यूएम, म्हणजे पल्स विड्थ मॉड्युलेशन. त्यात स्ट्रिप सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होते, डोळ्याला फक्त उजेड कमी झालेला दिसतो. 25 टक्के वेळ चालू ठेवली तर सरासरी करंट 0.6 अँपिअर, पण उजेड पाव नाही, जवळपास निम्मा वाटतो कारण डोळा सरळ हिशोबात बघत नाही. मध्ये रेझिस्टर टाकूनही उजेड कमी होतो, पण त्यात वीज उष्णता होऊन वाया जाते.

सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं. आर्डुइनो उनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) आणि आयआरएलझेड44एन मॉसफेट (गेट, ड्रेन, सोर्स अशा तीन पायांचा इलेक्ट्रॉनिक स्विच) घ्या, नंबर स्वतः वाचून घ्या, आयआरएफझेड44एन दिसायला सेम असतो पण उनोच्या 5 व्होल्टवर पूर्ण ऑन होत नाही आणि तापतो.

बॅटरीचा प्लस 5 अँपिअरच्या फ्यूजमधून स्ट्रिपच्या प्लसला, स्ट्रिपचा मायनस ड्रेनला, सोर्स बॅटरीच्या मायनसला. उनोच्या पिन 9 वरून 220 ओहमच्या रेझिस्टरमधून गेटला, आणि गेट ते सोर्स 10 के (किलोओहम) रेझिस्टर, नाहीतर उनो चालू होईपर्यंत गेट हवेत राहतं आणि स्ट्रिप मनाला येईल तशी पेटते. उनोचा ग्राउंड बॅटरीच्या मायनसला जोडायचाच, हे बरेच जण विसरतात आणि मग मॉसफेट खराब आहे म्हणून बदलत बसतात.

कोडमध्ये अनालॉगराइट या कमांडला (255 म्हणजे पूर्ण उजेड) 64 दिलं की झाले 25 टक्के. हळूहळू उजेड वाढवायचा असेल तर लेव्हलचा (0 ते 255) वर्ग करून 255 ने भागा, म्हणजे वाढ डोळ्याला एकसारखी वाटते, फक्त व्हेरिएबल लाँग प्रकारचा घ्या, उनोवर साधा इंट 32767 पर्यंतच जातो आणि 255 चा वर्ग 65025 होतो.

मोबाइलच्या व्हिडिओत काळे पट्टे आले तर वायर पिन 5 किंवा 6 वर घ्या, तिथे चालू-बंदचा वेग 490 च्या जागी 980 हर्ट्झ मिळतो, आणि कॅमेऱ्याचं शटर 1/50 ला ठेवा.