स्कॅनरला सेन्सर दिसत नाही? लायब्ररी नको, मल्टिमीटर काढा

आमच्या कांदा चाळीत मी ईएसपी३२ हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड बसवला आहे. ओलावा मोजायला एसएचटी३१, वेळेसाठी डीएस३२३१ आणि दाखवायला एलसीडी, तिन्ही आयटूसीच्या त्याच दोन तारांवर (आयटूसी म्हणजे चिपांची आपसांत बोलायची पद्धत; डेटाची तार एसडीए, क्लॉकची एससीएल). एलसीडी ५ व्होल्टचा, म्हणून मध्ये ५ आणि ३.३ व्होल्टचे सिग्नल जुळवणारा लेव्हल शिफ्टर. भर जुलैत ओलाव्याचे आकडे यायचे बंद झाले. पावसाळ्यात दमट हवा कोंडली की कांदा सडतो, त्यामुळे मला ते आकडे लागतातच. मी दोन तास लायब्ररी, म्हणजे सेन्सर वाचणारा तयार कोड, बदलत बसले. तिथे काहीच चुकलेलं नव्हतं.

आयटूसी स्कॅनर हा छोटा प्रोग्राम एकेक पत्ता घेऊन हाक मारतो. ज्या चिपचा तो पत्ता असेल ती एसडीए तार क्षणभर खाली ओढून ओ देते. यात सेन्सरच्या लायब्ररीचा संबंधच येत नाही. म्हणून आधी एवढंच बघा: सगळेच गायब आहेत, की एकच?

सगळेच गायब असतील तर दोष सामाईक जागी असतो. पिना तपासा. आर्डुइनो उनोवर एसडीए ए४ आणि एससीएल ए५, मेगावर २० आणि २१, ईएसपी३२ वर सहसा २१ आणि २२. दोन्ही तारा उलट लागल्या तर काही जळत नाही, फक्त कोणी ओ देत नाही. सेन्सरला वेगळा सप्लाय असेल तर दोन्हींचे ग्राउंड जोडलेले हवेत.

मग मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी प्रोब ग्राउंडला लावा आणि स्कॅन चालू नसताना दोन्ही तारा मोजा. ईएसपी३२ सारख्या ३.३ व्होल्टच्या बोर्डावर दोन्हींवर ३.३ च्या आसपास व्होल्ट दिसले पाहिजेत. तसं नसेल तर सप्लाय काढून एसडीए आणि ३.३ व्होल्टची पिन यांच्यामध्ये रेझिस्टन्स बघा, मग एससीएलचाही. ४.७ किंवा १० किलोओहमच्या आसपास आला (मॉड्यूल जास्त असतील तर कमी) तर पुल-अप, म्हणजे तार ३.३ व्होल्टकडे वर ओढून ठेवणारा रेझिस्टर, आहे. खूपच मोठा आला तर पुल-अप नाही; प्रत्येक तारेला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावा.

पुल-अप असूनही तार शून्यावर असेल तर कोणीतरी ती धरून ठेवली आहे. मॉड्यूल एकेक करून काढा. जे काढल्यावर तार वर येते, तेच दोषी. वाचन चालू असताना कंट्रोलर रिसेट झाला की चिप अर्ध्यात अडकू शकते आणि मग एसडीए सोडत नाही. रिसेटचं बटण दाबून सेन्सरचा सप्लाय जात नाही, त्यामुळे अख्ख्या सर्किटचाच सप्लाय काढून परत द्या. ते जमण्यासारखं नसेल तर कोडमधून एससीएलवर ९ पल्स द्या.

माझ्याकडे मात्र ०एक्स२७ (एलसीडी), ०एक्स५७ आणि ०एक्स६८ (डीएस३२३१ घड्याळ) हे पत्ते दिसत होते. ०एक्स५७ ही घड्याळाच्याच मॉड्यूलवरची मेमरी. फक्त ०एक्स४४, म्हणजे ओलाव्याचा सेन्सर, नव्हता. बस, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक तारा, ठीक होती, बिघाड त्या एका मॉड्यूलपाशी. व्हीसीसीच्या पिनेवर ३.३ आणि त्याच पिनेच्या पॅडवर (बोर्डावरच्या तांब्याच्या ठिपक्यावर) ०.४! भिंगातून पाहिलं तर सोल्डर पिनेला चिकटलेलं, पण पॅडभोवती बारीक काळपट रिंगण. ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला सांधा. नखाने पिन दाबली की स्कॅनरमध्ये ०एक्स४४ यायचा, सोडली की जायचा. फ्लक्स लावून परत डाग दिला आणि आकडे सुरू झाले.

सोल्डर ठीक असेल तर पत्ता तपासा. काही ओएलईडी डिस्प्लेंच्या मागे ०एक्स७८ छापलेलं असतं, स्कॅनर मात्र ०एक्स३सी दाखवतो; छापलेल्या पत्त्यात शेवटचा वाचा-लिहा बिट धरलेला असतो. एमपीयू६०५० हा हालचालीचा सेन्सर आणि डीएस३२३१ दोघेही ०एक्स६८ वर ओ देतात, म्हणून यादीत एकच ओळ येते. एमपीयूची एडी० पिन ३.३ ला जोडा, तो ०एक्स६९ वर जाईल.

आणि कधी दिसतो, कधी नाही असं होत असेल तर केबल मोजा. बसची एकूण कपॅसिटन्स (तारांची विद्युतभार साठवायची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत लागते आणि केबलचा प्रत्येक मीटर त्यात भर घालतो. माझा सेन्सर ३ मीटरवर आहे, नेटवर्क केबलमधून. एसडीए आणि एससीएल एकाच पिळाच्या जोडीत घालू नका. एकीच्या जोडीला ग्राउंड द्या, दुसरीच्या जोडीला ३.३. तरीही धरसोड राहिली तर क्लॉक १०० वरून ५० किलोहर्ट्झवर आणा. माझी चाळ त्यावरच चालते.